मधे कुणी बोलले तर

मला कपाटात शोधू नका, मित्रांनो. मी जुनी आहे, पण मला ना चाक आहे, ना दांडा, ना गंज. ब्रिज नावाच्या पत्त्यांच्या खेळातली मी बोलीची एक पद्धत. मी दोन भिडूंच्या डोक्यांत राहते. दोघांच्याही डोक्यांत पूर्ण असले तर गुणाची असते. एकाच्या डोक्यात पूर्ण आणि दुसऱ्याच्या अर्धी राहिले, तर चावते. एकदा मी अशी चावले की एका क्लबात अजून माझे नाव काढताना लोक हात चोळतात.

आधी थोडे समजून घ्या. ब्रिज चौघे खेळतात. समोरासमोर बसतात ते एकमेकांचे भिडू. प्रत्येकाला तेरा पाने. भिडूला पाने दाखवता येत नाहीत, डोळा मारता येत नाही, मुद्दाम खोकलेलेही चालत नाही. फक्त बोली लावायची, म्हणजे इतके हात जिंकू असे वचन द्यायचे. 'एक किलवर' ही सगळ्यात खालची बोली, मग एक चौकट, एक बदाम, एक इस्पिक, अशी वर वर. बोली म्हणजे शिडी. चढता येते, उतरता येत नाही. कोणत्या बोलीचा अर्थ काय, हे भिडूंनी आधी ठरवलेले असते. त्या ठरावालाच पद्धत म्हणतात. हा ठराव लपवायचा मात्र नाही. समोरच्याने विचारले, की बोली लावणाऱ्याच्या भिडूने अर्थ खराखुरा सांगायचा. हा नियम गाठीला बांधून ठेवा. माझा सूड याच नियमावर बसून आला.

माझा जन्म एका स्वयंपाकघरातल्या टेबलावर झाला. दातांची डॉक्टर असलेली वहिनी आणि नकाशे काढणारी तिची नणंद, या माझ्या दोन आया. नणंदेला सगळे छोटी म्हणत. वहिनी मात्र चिडवायचे असले की तिला 'वन्सं' म्हणायची. दोघी प्लास्टरच्या दातांचे साचे बाजूला सरकवून पाने मांडत. एक्क्याचे चार गुण, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक. सोळा किंवा जास्त गुण आले, की पाने जड. अशी जड पाने दहा वाटपांत जेमतेम एकदा येतात. त्यांच्यासाठी वहिनीने राखून ठेवली सगळ्यात खालची बोली : एक किलवर.

"हे उलटंच झालं की," छोटी म्हणाली. "सगळ्यात जड पानं आणि सगळ्यात हलकी बोली?"

"ज्याला जास्त बोलायचंय त्याला जास्त जागा नको? तळाच्या पायरीवर पाय ठेवला की अख्खी शिडी आपली."

"आणि हातात किलवर असायला नको?"

"एकही नसलं तरी चालेल. एक किलवर म्हणजे फक्त, भिडू, माझ्याकडे माल आहे."

"लोक म्हणतील, घरात बसून डोकं फिरलंय यांचं."

"म्हणू देत. विचारलं तर अर्थ सांगू, नाही विचारलं तर जिंकू."

पण कुठल्याही शहाण्या पद्धतीत एक पोकळ दाढ असतेच. माझ्यात ती होती. मी तळाच्या पायरीवर उभी राहते, तेवढ्यात शत्रूने मधेच मोठी उडी मारली, तर माझी निम्मी शिडी गायब होते. वहिनीने ही पोकळी ओळखली आणि तिच्यासाठी एक मोठे प्रकरण रचले. नाव साधे होते : मधे कुणी बोलले तर. त्यातले पहिलेच वाक्य डबलबद्दल होते. एरवी डबल म्हणजे 'तुमची बोली फसणार, दंड दुप्पट'. पण माझ्यात, शत्रूने अशी उडी मारल्यावर भिडूने डबल दिला, तर तो दंडाचा नव्हे. त्याचा अर्थ, माझ्याकडे आठ तरी गुण आहेत, सांगण्याजोगा रंग नाही, तेव्हा तू बोल.

छोटीला घोकंपट्टीचा कंटाळा. म्हणून वहिनीने तिला ते ताटे पुसता पुसता म्हणायला लावले : "डबल दंडाचा नाही, तू बोल बाई." छोटी ते इतक्या वेळा म्हणाली की दादा, म्हणजे छोटीचा भाऊ आणि वहिनीचा नवरा, दाढी करताना तेच गुणगुणू लागला. प्रकरणातले पुढचे मात्र राहिले. "पुढचं नंतर बघू गं," छोटी म्हणायची. "मधे बोलतंय कोण?"

माझी कामाची वर्षे सुखाची गेली. त्या दोघी क्लबात बसल्या की पलीकडच्या टेबलावरचे लोक माना वळवत. क्लबात बोली तोंडाने लावत नाहीत, छापील चिठ्ठ्या टेबलावर मांडतात. छोटी 'एक किलवर'ची चिठ्ठी अशी अलगद ठेवायची, जणू झोपलेल्या बाळाला पाळण्यात ठेवते आहे. मग समोरच्यांचे चेहरे पडायचे. मी गर्विष्ठ झाले होते, हे मान्य करते.

मग एका उन्हाळ्यात वहिनीची आई पडली, खुबा मोडला. वहिनी दवाखाना बंद करून माहेरी गेली आणि हिवाळा लागेपर्यंत तिकडेच राहिली. छोटीला तात्पुरता भिडू मिळाला, क्लबातले वकील. उंच, स्वच्छ, नियमाला पक्के. बोलीची चिठ्ठी मांडण्याआधी तिच्यावर बोटाने टकटक करण्याची सवय. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा टकटक करत येतो, हे मला तेव्हा कळले.

"पद्धत झकास आहे," ते छोटीला म्हणाले, "पण शेपूट फार लांब. हे 'मधे बोलले तर' कशाला हवं? आपल्या मधे बोलायची कुणाची छाती आहे? आपण डबल म्हणजे डबल ठेवू. दंड. चालेल?"

छोटी संत्रे सोलत होती. "चालेल," ती म्हणाली.

झाले. एका संत्र्याच्या सालीबरोबर माझे अंग कापून टाकले गेले. वहिनीने हे ऐकले असते तर म्हणाली असती, एक्स-रे न काढता दाढ उपटली. मी डूख धरला.

वहिनी परतली त्या आठवड्यात हिवाळी स्पर्धा सुरू होणार होती. त्या क्लबाचा एक रिवाज आहे : ही स्पर्धा जी जोडी जिंकेल, तिची पद्धत पुढे नव्या सभासदांना शिकवायची. वहिनी ओला कोट काढत दारात उभी होती, तेव्हा आत चिटणीस वकिलांना विचारत होते, "ही तुमची किलवरची भानगड तुम्हाला सुचली कुठे?"

"बसवली हो, रविवारी रविवारी. 'मधे बोलले तर'चं शेपूटही छाटून टाकलं," वकील म्हणाले. "तुम्ही आता वकील पद्धत म्हटलं तरी चालेल."

छोटी त्यांच्या समोरच बसली होती. तिने हातातली पाने उगीच परत लावली. मित्रांनो, वकिलांनी मला कापले याचा मला राग होता; पण छोटी गप्प बसली त्या क्षणी मला विष चढले. खोटे बोलणाऱ्यापेक्षा खरे माहीत असून पाने लावत बसणारा जास्त खुपतो.

वहिनी आत आली. "वन्सं, अभिनंदन," ती म्हणाली. त्यात चिडवणे नव्हते.

घरी येऊन तिने दादाला सांगितले, "आपण दोघं स्पर्धेत उतरतोय."

"आपण?" दादा हवामान खात्यात होता, त्यामुळे चुकण्याची त्याला सवय होती, पण इतकी नव्हे. "डॉक्टर, मला आपलेच पत्ते नीट मोजता येत नाहीत."

"मोजू नकोस. पास म्हण. ते जिंकले तर वर्षभर नव्या पोरांना माझं लंगडं लेकरू शिकवतील, तेही दुसऱ्याच्या नावानं. ते मी चालू देणार नाही."

"आणि छोटी?"

"छोटीलाच तर भेटायला चाललेय."

दादाने पास म्हटले, वहिनीने बाकीचे केले, आणि कसेबसे, दैवाच्या आणि दादाच्या निरागस चुकांच्या जोरावर ते अंतिम सामन्यात पोचले. रविवारची दुपार. हॉलमध्ये चहाच्या कपांचे आवाज, खिडकीवर वाफ. समोर वकील आणि छोटी. शेवटच्या डावापर्यंत वकिलांची जोडी थोडी पुढे होती.

शेवटच्या डावात छोटीने चिठ्ठी ठेवली. एक किलवर. तशीच, पाळण्यात बाळ ठेवल्यासारखी. माझा जीव वरखाली झाला.

वहिनीकडे सात इस्पिके होती आणि बाकी सगळा कचरा. शहाण्या माणसाने पास म्हणावे. वहिनीने उडी मारली : तीन इस्पिक. बरोबर माझ्या पोकळ दाढेवर. माझ्या आईनेच माझ्या दुखऱ्या जागी बोट घातले, आणि मित्रांनो, मला ते गोड लागले.

वकिलांकडे इस्पिकाची भक्कम पाने होती. वहिनीची बोली सपशेल फसणार होती. त्यांनी टकटक केली आणि ठेवला डबल. दंड.

दादाने पास म्हटले. आता छोटी. तिने डबलकडे पाहिले. उन्हाळ्यात संत्रे सोलताना 'चालेल' म्हटलेले तिच्या कानातून कधीच गळून गेले होते. ताटे पुसताना म्हटलेले मात्र हाडात उतरलेले होते. डबल दंडाचा नाही, तू बोल बाई. तिने ठेवले : चार बदाम.

वहिनीची पाळी आली. तिने चिठ्ठीला हात लावला नाही. ती छोटीला म्हणाली, "वकिलांच्या डबलचा अर्थ काय?"

"दंडाचा नाही," छोटी सहज म्हणाली. "आठ तरी गुण आहेत, सांगण्याजोगा रंग नाही, मी बोलावं असं म्हणणं आहे."

बोलून झाल्यावर तिने वर पाहिले आणि वहिनीचे डोळे तिला दिसले. ती कुणाची वाक्ये बोलली होती हे तिला तेव्हा कळले.

वहिनीने पासची चिठ्ठी ठेवली. वकिलांचे कान लाल झाले. आपला भिडू चुकला, हे त्यांना समजले होते. पास म्हणून तिथेच थांबले असते तर थोडक्यात निभावले असते. पण भिडूने शत्रूला दिलेला खुलासा आपल्यासाठी नसतो. तो ऐकलाच नाही असे समजून बोली लावायची. हा नियम क्लबात सगळ्यांकडून घोकून घेतला होता तो वकिलांनीच, आणि चिटणीस मागेच उभे होते. न ऐकलेल्या वकिलांना काय दिसत होते? आपण दंड मागितला, तरी भिडू तो सोडून वर चढते आहे, म्हणजे तिची पाने प्रचंड असणार. त्यांनी या वेळी टकटक केली नाही. नियमाने चालणाऱ्या माणसासारखी, दात आवळून, चिठ्ठी ठेवली : सहा बदाम. तेरापैकी बारा हात जिंकण्याचे वचन.

त्यांना आठ मिळाले.

सामना गेला. दादा म्हणाला, "मी काही केलं का?" चहाच्या टेबलापाशी एकच वाक्य फिरत होते, वकील पद्धत फुटली. वकिलांनी वहिनीकडे येऊन मान लववली आणि हळूच म्हणाले, "ते नाव तेवढं काढून टाकायला सांगतो मी."

"नको हो," वहिनी म्हणाली. "राहू दे. तुमचंच आहे ते."

मला याहून गोड सूड सुचला नसता. नाव त्यांचे, तर कापलेले नाकही त्यांचेच.

पण सुडाच्या दुसऱ्या दिवशी मला एक गोष्ट बोचू लागली. मी आता एकट्या वहिनीच्या डोक्यात उरले होते. एका डोक्यातली पद्धत म्हणजे एका काठावरचा पूल. रिवाजाप्रमाणे क्लबाने वहिनीला शिकवायला बोलावले, तर ती म्हणाली, "समोर बसायला भिडू नाही माझ्याकडे." दादाने लगेच पास म्हटले.

त्या आठवड्यात छोटी स्वयंपाकघराच्या दारात आली. वहिनी साचे घासत होती.

"चिटणिसांना सांगून आले," छोटी म्हणाली. "पद्धत कुणाची ते. वकिलांच्या समोर सांगितलं, सगळ्यांच्या समोर."

वहिनीने नळ बंद केला नाही. "उशिरा सांगितलंस."

"हो."

"ताटं तिथं आहेत. फडकं घे."

छोटीने फडके घेतले. ती चाचरत सुरू झाली, "डबल दंडाचा नाही, तू बोल..."

"ते येतं तुला. पुढचं म्हण."

पुढचे तिला येत नव्हते. अजूनही नीट येत नाही. प्रकरण फार लांब आहे, शत्रूच्या प्रत्येक उडीला वेगळे उत्तर आहे, आणि मी एक अक्षरही गाळू देत नाही. ती चुकली की वहिनी म्हणते, "वन्सं, पहिल्यापासून." पुसून झालेली ताटे पुन्हा पुसावी लागतात.

मित्रांनो, तुम्ही दोघांनी मिळून काही ठरवाल, तर त्याचा कंटाळवाणा भागही जपा, आणि कुणी विचारले की हे कुणाचे, तर पाने लावत बसू नका. माझ्यासारख्यांना हात नसतात, पण स्मरण असते. छोटीला मी माफ केले आहे का, असे तुम्ही विचाराल. आधी तिचे प्रकरण पाठ होऊ दे. मग बघू.