आगीची रंगीत तालीम

माझं काम जळलेली घरं बघण्याचं. विमा कंपनीकडून मी जाते, काळ्या भिंतींचे फोटो काढते आणि आग कुठून सुरू झाली ते शोधून अहवाल लिहिते. त्यामुळे घरी आले की मला इस्त्रीसुद्धा संशयित वाटते. एका बोर्डात पाच पिना खुपसलेल्या दिसल्या की माझं टाळकं सरकतं. नवऱ्याला याचं काही म्हणजे काही नाही. त्याचं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर लोकांना नीट दिसावं म्हणून धडपडतो आणि घरी गॅसवर उतू जाणारं दूध त्याला दिसत नाही.

पण माझी खरी लढाई होती आत्यांशी. आत्या म्हणजे नवऱ्याची आत्या. त्याचे आईवडील लवकर गेले, तेव्हापासून त्याला यांनीच वाढवलं. नोकरी एका कारखान्याच्या कोठारावर. जन्मभर तिथल्या किल्ल्या सांभाळल्या आणि निवृत्त झाल्यावर आमच्या घराला कोठार करून टाकलं. आग विझवायचं लाल नळकांडं मी हौसेनं भिंतीवर लावलं, तर दुसऱ्या दिवशी त्याला लोकरीचा झगा! लाल रंग पडद्यांना शोभत नाही म्हणे.

झगा मी सहन केला. कुलूप सहन होईना. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. खिडक्यांना गज, बाहेर पडायला एकच वाट, आणि त्या वाटेवर जाळीचा दरवाजा. घरातले सगळे आडवे झाले, मग ती रात्र असो की दुपार, की आत्या त्या दरवाजाला आतून भलंमोठं कुलूप लावायच्या आणि किल्ली लपवायच्या. रोज नव्या जागी, म्हणजे चोराला अंदाज येऊ नये.

"आत्या, चोर बाहेरून येणार. त्याला आतली किल्ली कशी मिळेल?"

"तेच म्हणते मी. मिळणारच नाही."

"आणि आग लागली तर? धूर भरायला दोन मिनिटं पुरतात. दाराशेजारी खिळा ठोकते, किल्ली तिथं ठेवा."

"खिळ्यावर कॅलेंडर लावतात," आत्या म्हणाल्या आणि विषय संपला.

मी हात टेकले नाहीत. रविवारी दुपारी तालीम घ्यायची ठरवली. फक्त लेकीला विश्वासात घेतलं. जेवणं झाली, नेहमीसारखा कुलपाचा खडखडाट झाला, सगळे लवंडले, आणि कन्येनं स्टुलावर चढून धुराच्या अलार्मचं बटण दाबलं.

"आग! आग!" मी ओरडले. "रांगत बाहेर या! काहीही बरोबर घ्यायचं नाही!"

नवरा रांगत आला, पण हातात टीव्हीचा रिमोट.

"हा कशाला?"

"हातातच होता झोपलो तेव्हा," तो म्हणाला आणि खुर्चीच्या पायावर डोकं आपटून घेतलं.

आत्या येईनात. जाऊन बघते तर बाई शांतपणे वेणी घालत बसलेल्या.

"आत्या, आग लागलीय!"

"ऐकलं. चारचौघांत जायचं तर अशीच येऊ का?"

मी त्यांना उठवून दारापाशी आणलं. दाराला कुलूप. "किल्ली कुठाय?"

आत्यांनी स्वयंपाकघराकडे नजर टाकली. "पिठाच्या डब्यात."

नवऱ्यानं कोपरापर्यंत हात घातला. पीठ उडालं, भुवया पांढऱ्या झाल्या, किल्ली नाही. मग आत्यांना वाटलं शिलाई मशीनच्या खणात असेल. तिथं गुंड्या निघाल्या. मग फोटोच्या मागं, मग लोकरीच्या मोज्यात. घर उलटंपालटं झालं. अलार्म कोकलत होता, कन्या हसून लोळत होती आणि मी घड्याळाकडे बघत होते.

"बास!" मी म्हणाले. "थांबवा. आपण सगळे केव्हाच मेलो."

"मी अजून शोधतोय," पिठातून आवाज आला.

"तूसुद्धा मेलास. आत्या, पुरे झालं आता. आजपासून किल्ली माझ्याकडे."

अलार्म बंद झाला होता, त्यामुळे ते वाक्य फारच मोठ्यानं ऐकू आलं. आत्यांचा चेहरा एवढासा झाला. त्या उठल्या, दारापाशी गेल्या आणि दोन बोटांनी कुलूप ओढलं. ते सरळ त्यांच्या हातात आलं. नुसतं अडकवलेलं होतं, दाबलेलं नव्हतंच.

मी ते कुलूप हातात घेऊन उलटसुलट करून बघितलं.

"कधीपासून असं?" मी विचारलं.

"थंडी सुरू झाल्यापासून." आत्या माझ्याकडे न बघता बोलत होत्या. "एकदा पहाटे किल्ली सापडेना. कुठं ठेवली तेच आठवेना. तुम्ही सगळे आत झोपलेले. तू ते दोन मिनिटांचं सांगतेस ना, ते आठवलं आणि घरभर धुंडाळून ती शोधून काढली, कुलूप उघडलं. मग म्हटलं, चोर आला तर काय नेईल, भांडी नेईल. तेव्हापासून लावतच नाही. नुसता खडखडाट करते. म्हणून तर रात्री हॉलमध्ये झोपते. कुणी आलंच, तर आधी माझ्याशी गाठ."

"मग हे पीठ, मोजे, खण?"

"आता काय सांगू? किल्ली तर त्यानंतर कायमचीच हरवली."

महिनोन्‌महिने मी या बाईला आगीवर व्याख्यानं देत होते आणि त्यांना माझा शब्दन्‌शब्द पाठ होता. मला हसूही येत होतं आणि लाजही वाटत होती. मी म्हणाले, "चला, दार उघडंच आहे तर तालीम पुरी करू. खाली सायकलींपाशी जमायचं."

जिन्यात आत्यांनी माझा हात धरला. आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या, "आता कळलं ना तुला, मी विसरते ते. पहिल्या मजल्यावरच्या आजी विसरायला लागल्या तर त्यांना मुलांनी आश्रमात ठेवलं. मला कुठं पाठवू नका गं. मी नाही करणार गडबड."

एवढ्या दिवसांचा तो कुलपाचा खडखडाट चोरासाठी नव्हता, आमच्यासाठी होता, त्यांचं विसरणं आम्हाला कळू नये म्हणून. "काहीतरीच काय, आत्या," मी म्हणाले आणि त्यांचा हात घट्ट धरला.

खाली सायकलींपाशी पोचलो. कन्येनं टाळ्या वाजवल्या. मी डोळे पुसून जाहीर केलं, "छान. सगळे सुखरूप."

"सगळे कुठं?" आत्या म्हणाल्या. "माझा मुलगा कुठाय?"

खरंच की! नवरा नव्हता. आगीची तज्ज्ञ म्हणून मिरवणारी मी, चार माणसांचं घर, आणि मला तीनच मोजून समाधान वाटलं होतं.

आत्या जिन्याकडे वळल्यासुद्धा.

"आत्या, थांबा! एकदा बाहेर पडल्यावर परत आत जायचं नसतं. तो पहिला नियम आहे!"

"तुझे नियम तुझ्यापाशी. तो वर आहे." आणि ज्या बाईला एक मजला चढताना दोनदा टेकावं लागतं, ती तरातरा वर निघाली. मी मागे, माझ्यामागे कन्या. अशा रीतीनं वाचलेली तिन्ही माणसं पुन्हा जळत्या घरात शिरली.

नवरा न्हाणीघरात तोंड धूत होता. आत्यांनी त्याचा कान धरला.

"आग लागल्यावर तोंड धुतात?"

"अगं, पीठ डोळ्यात गेलंय. आणि आग खोटी आहे ना!"

"ते मला आठवत नाही," आत्या म्हणाल्या. "तू खाली नव्हतास, एवढं आठवतंय. चल."

तो निमूट चालू लागला. ओल्या भुवया, एक कान लाल. मी दाराशी उभी होते. जवळून जाताना मी आत्यांना थांबवलं आणि म्हणाले, "कुलूप उद्या बदलू. आतून हातानं उघडणारं बसवू, किल्लीची भानगडच नको. पण माणसं मोजायचं काम तुमच्याकडे. मला ते जमत नाही."

"मग मी इथंच?"

"तुम्ही नसलात तर मी याला वरच विसरेन."

आत्यांनी माझ्याकडे नीट बघून घेतलं. मग नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला पुढं घातलं, कन्येला पुढं घातलं, मलाही पुढं घातलं, आणि सगळ्यांत शेवटी त्या बाहेर पडल्या.