बांधापर्यंतचं सारवण

सत्तेचाळीस सालच्या शाळूच्या मळणीतली गोष्ट. आमचा वाळव्याकडचा गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होता, म्हणून खुनाचा खटला साताऱ्याला चालला. आरोपी तीन: सासरे नानासो, माझे मालक मानसिंग आणि धाकटे दीर लालासाहेब. माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तिघांनाही फाशी होईल असं गावात लोक माझ्यासमोर बोलत.

मेला तो आमच्याच भावकीतला आप्पासो. खळं आपल्या हद्दीत येतं म्हणत तो कुऱ्हाड घेऊन आला आणि पहिलाच घाव त्यानं मामंजींच्या खांद्यावर घातला. मालकांनी मधे पडून काठी हाणली, ती त्याच्या डोक्यात बसली. एवढं मी आणि सासूबाईंनी वस्तीच्या दारातून पाहिलं. पुढचं कडब्याच्या गंजीआड झालं. प्रेत सापडलं ते पलीकडे, त्याच्या बांधावर. कुऱ्हाड लालासाहेबाच्या हातात होती, असं आप्पासोच्या बायकोनं कोर्टात शपथेवर सांगितलं.

सरकारचं म्हणणं, तिघांनी आप्पासोच्या बांधावर जाऊन त्याला मारलं. आमचं म्हणणं, तो आमच्या खळ्यात चालून आला, आम्ही जीव वाचवला. खळ्यात सांडलेलं रक्त हाच काय तो आमचा पुरावा, आणि तोच उरला नव्हता. फौजदार यायच्या आत सासूबाईंनी शेण कालवून सगळं सारवून टाकलं होतं. नवरा, पोरं चावडीत धरून ठेवलेली, तरी रक्त पडलेल्या जमिनीवर धान्याची रास घालायची नाही, एवढंच त्यांच्या डोक्यात.

आमच्या वकिलांनी सासूबाईंना बजावलं, "अंबूबाई, खळं का सारवलं तेवढंच सांगा. जास्त बोलू नका."

त्यांनी मान हलवली. शेणाची पाटी धरून त्यांच्यामागून मीच चालले होते. त्या कुठवर गेल्या, मला ठाऊक होतं.

साक्षीला साताऱ्याला जाताना मोटारीत मी हळूच म्हणाले, "आत्याबाई, खळ्यापुरतंच बोला."

"का गं हरणे? म्या काय चोरून सारवलंय व्हय?"

पिंजऱ्यात त्या ताठ उभ्या राहिल्या. सरकारी वकील हसत म्हणाले, "म्हातारे, पुरावा पुसून मोकळी झालीस की!"

"रगताच्या खळ्यावर रास घालू? त्यो शाळू तुमी खाल का, सायेब?"

कोर्ट हसलं. मामंजीसुद्धा हसले. मालकांनी वर पाहिलं, कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा मला दिसला. सासूबाईंना चेव चढला.

सरकारी वकील गोड आवाजात म्हणाले, "खळं तेवढंच सारवलं ना?"

"तेवढंच कसं? माजं काम अर्धं नसतंय. थेट बांधापतोर सारवलं."

"बांधापर्यंत कशाला?"

"थेंब पडलं व्हतं की वाटंनं. पळाला न्हवं त्यो, तसाच रगात गाळत."

कुणी हसलं नाही. आमच्या वकिलांनी डोळे मिटून घेतले. लालासाहेब आईकडे बघत राहिला. त्या त्याच्याकडे बघून मान हलवत होत्या, भिऊ नको म्हणून.

मामंजी आणि मालक सुटले. खळ्यात त्यांनी जीव वाचवला, हे सासूबाईंच्याच बोलण्यावरून कोर्टाला पटलं. पण पळत्या माणसाच्या मागं जाऊन घाव घालणाऱ्याला जिवाची भीती होती असं म्हणता येत नाही, असं जज्जसाहेब म्हणाले. लालासाहेबाला जन्मठेप झाली.

निकाल इंग्रजीत वाचला; वकिलांनी तो मला समजावून सांगितला, सासूबाईंना कळलाच नव्हता. मालकांना बाहेर सोडलं तशा सासूबाईंनी त्यांच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. मालक मान खाली घालून उभे होते. मोटार लागली तरी सासूबाई आत चढेनात, कोर्टाच्या दाराकडे बघत राहिल्या.

"लाला कुठं ऱ्हायला गं? त्याला हाक मार की. मोटार सुटंल."

मामंजी तोंड फिरवून रडायला लागले. त्या माझ्याकडे बघत होत्या. सांगायचं मलाच होतं.