मॅडमची साखळी

"मिस्त्री, आज तुम्ही आला नाहीत तरी चालेल. पडद्यावर सगळं हलताना दाखवता येतं," नवे सर वर्कशॉपच्या दारातूनच म्हणाले. मनाने चांगला माणूस. समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून दोनदा हसलासुद्धा. मिस्त्रींनी "बरं सर" म्हटलं आणि सकाळी स्वतः इस्त्री केलेल्या शर्टावर कामाचा मळका कोट चढवला.

कॉलेजातलं मोडकं बाक, गळका नळ, अडकलेलं कुलूप, यात त्यांची सत्तावीस वर्षं गेली होती. पण वर्षातून एकदा जीवशास्त्राच्या मॅडम स्वतः बोलवायला येत. पेशी एकमेकींना कशा धरून ठेवतात, तो शिकवायचा तास. त्यासाठी मिस्त्रींनी कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाच्या दोन साखळ्या केल्या होत्या. एकेकीत लाकडाचे पाच मणके, एका टोकाला धरायला मूठ आणि मणक्यांच्या सांध्यांत पितळी खुंट्या. त्या खुंट्या म्हणजे कॅल्शियम. एक साखळी मॅडम धरत, दुसरी मिस्त्री. हे प्रथिन आपल्यासारख्यालाच धरतं, तेव्हा समोर दुसरं कुणीतरी हवंच, असं मॅडम वर्गाला सांगत. तेवढा वेळ मिस्त्री छाती काढून उभे राहत.

गेल्या सुट्टीत मॅडम वारल्या. मिस्त्रींना त्यांची फार आठवण येई, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती. कोण लागत होत्या त्या त्यांच्या? वर्षाकाठी हा एक तास तेवढा दोघांचा होता, आणि आज तोही गेला.

ते एका खुर्चीचा पाय ठोकत बसले. अर्ध्या तासाने सर परत आले, घामाघूम. चित्र झकास होतं, पण कॅल्शियम काढलं की साखळी लुळी का पडते, हे काही केल्या मुलांच्या गळी उतरत नव्हतं.

मिस्त्रींनी कोट काढून खुंटीला लावला.

वर्गात सरांनी कपाटातून मॅडमची साखळी काढली आणि उलटीच धरली. मिस्त्री सत्तावीस वर्षांत या वर्गात एक शब्द बोलले नव्हते. आता मात्र राहवेना.

"सर, उलटी धरलीत. मुठीचं टोक पेशीकडचं. हे पलीकडचं समोरच्याला धरतं."

सरांनी साखळीकडे पाहिलं, मग मिस्त्रींकडे. "मग तुम्हीच सांगा. मी तुमच्या जागी उभा राहतो."

मिस्त्रींनी दुसरी साखळी सरांच्या हाती दिली आणि मॅडमची स्वतः घेतली. बोलायला लागले तसे मॅडमचेच शब्द तोंडात येत गेले. धरून ठेवणाऱ्यांची चार मोठी घराणी. इंटेग्रिन जोडीने राहतं, पेशीला बाहेरच्या जाळ्याशी बांधतं. सिलेक्टिन गोडखाऊ, समोरच्याची साखर ओळखून धरतं, तेही घटकाभरच. इम्युनोग्लोब्युलिनवाल्यांचं कॅल्शियमवाचून अडत नाही. आणि आपलं हे कॅडहेरिन. त्यांनी एकेक खुंटी उपसली. ताठ साखळी मान टाकून लोंबली आणि सरांच्या साखळीपासून सुटली. मागच्या बाकांवरची मुलं पाहायला उठून उभी राहिली.

तास संपल्यावर मिस्त्री खुंट्या परत बसवत राहिले. सर म्हणाले, "पुढच्या वर्षी मी बोलवायला येईन." मग त्यांची नजर साखळीच्या मुठीवर गेली. तिथे एका बाजूला लाकूड झिजून गुळगुळीत खळगा पडला होता.

"इथे काय झालंय?"

"मॅडम डावखुऱ्या होत्या," मिस्त्री म्हणाले. "त्यांचा अंगठा तिथे असायचा."

शिकवताना सगळा वेळ मिस्त्रींनी मूठ त्या खळग्याच्या चार बोटं खाली धरली होती.