पालकाचं पाणी

“सारा जीव पाण्यात उतरला, अन् पाणीच म्हणते फेकून द्या. मोठा डॉक्टर होय.”

मनकर्णाबाई हे कोणाला म्हणाल्या? स्वयंपाकघरात दुसरं कोणी नव्हतं. मी होते, त्यांच्या दोन्ही हातांत, आणि माझ्यातून उकडलेल्या पालकाची वाफ निघत होती. तेव्हा मलाच म्हणाल्या असं मी धरून चालते.

मित्रांनो, मी बांबूची एक जुनी रोवळी आहे. तांदूळ धुवायचे, भाजी निथळायची, एवढंच माझं काम. माझा काठ दोन ठिकाणी सुटला आहे, तिथे सुतळी बांधली आहे. लोधीखेड्याच्या कलाबाईंनी मला विणलं. ओल्या बांबूच्या कामट्या काढून त्या विणत बसायच्या आणि मधूनच बुडाला बोट लावून बघायच्या. दाणा अडला पाहिजे आणि पाणी थांबता कामा नये. रोवळीचं शिक्षण एवढंच असतं. ते मी पहिल्याच दिवशी पूर्ण केलं आणि पुढे काही शिकले नाही.

एकोणऐंशी साली पांढुर्ण्याच्या आठवडी बाजारात मनकर्णाबाईंनी मला उचललं, उजेडाकडे धरलं, उलटी करून ठोकून पाहिलं. घरी आल्यावर शेजारणींना दाखवलं. पुढची दोन वर्षं माझं कौतुक झालं. अशी वीण आता मिळत नाही, असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. मी खुंटीवर ताठ बसायची.

एक्याऐंशीच्या उन्हाळ्यात त्यांचे यजमान भगवंतराव टायफाइडनं अंथरुणाला खिळले. डॉक्टरांनी सांगितलं, भाताची पेज आणि मुगाचं पाणी, दुसरं काही नाही. पेजेचे तांदूळ माझ्यातच धुतले जायचे, रोज एक मूठ. भगवंतराव भाकर मागत. अर्धी तरी दे म्हणत. मनकर्णाबाईंनी दिली नाही. डॉक्टर नाही म्हणाला ना, मग नाही. विसाव्या दिवशी ते गेले. भेटायला आलेल्या बायांपैकी एक म्हणाली, “उपाशी गेला व माणूस.” म्हणणारी बोलून निघून गेली. वाक्य घरात राहिलं. त्याला कोणी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. मनकर्णाबाई त्या दिवशीही रडल्या नाहीत. उठून त्यांनी मला घासलं आणि उन्हात ठेवलं.

त्यांचा मुलगा अरविंद सौंसरच्या तहसील कचेरीत बाबू आहे, रोज बसनं जातो. सून स्मिता इथल्याच प्राथमिक शाळेत शिकवते. पंच्याऐंशी साली अरविंदला बसमध्येच कळ आली. नागपूरला नेलं. डावं मूत्रपिंड खड्यांनी पार खराब झालं होतं, ते काढून टाकावं लागलं. एक उरलं. डॉक्टरांनी खडा छोट्या बाटलीत घालून दिला होता. काळसर, काटेरी, गोखरूसारखा. तो ऑक्झलेटचा आहे, म्हणाले, आणि ऑक्झलेट कशाकशात असतं त्याची यादी दिली.

ती यादी स्मितानं खळ लावून भिंतीवर डकवली. पालक, चुका, धोप्याची म्हणजे अळूची पानं, शेंगदाणे, तीळ, राजगिरा बंद. चहा एकदाच. लौकी म्हणजे दुधी, पत्ताकोबी, फुलकोबी, काकडी, लिंबू चालेल. जेवताना ताक घ्यायचं आणि दिवसभर पाणी प्यायचं. आता आमच्याकडच्या स्वयंपाकातून शेंगदाणे काढले की काय उरतं, ते तुम्हीच सांगा. पंधरा दिवस घरात सगळ्या भाज्या लौकीच्या चवीच्या लागत होत्या. लौकी तर फारच लागत होती.

अरविंदला पालक घातलेली डाळभाजी आवडते. त्यानं दुसऱ्या खेपेला डॉक्टरांना लाजत विचारलं. ते म्हणाले, अगदीच राहवत नसेल तर आठ दिवसांतून एकदा. पालक भरपूर पाण्यात उकडायचा, ते पाणी फेकून द्यायचं, मग भाजी करायची. ऑक्झलेट बरंचसं त्या पाण्यात उतरतं.

तर मित्रांनो, माझं महत्त्व असं वाढलं. दर रविवारी स्मिता मला नालीवर धरायची, वरून पालक ओतायची, पाणी वाहून जायचं. मनकर्णाबाई दारात उभ्या राहून बघायच्या. भाताची पेज, डाळीचं कढण, भाज्यांचं पाणी, सगळं कणकेत नाहीतर आमटीत घालणारी ती बाई. एका रविवारी त्या म्हणाल्या, तू पोरांच्या वह्या तपास, भाजी मी गाळून ठेवतो. स्मितानं मला त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी मला नालीवर धरलं नाही. पितळी गंज, म्हणजे पातेलं, खाली ठेवला. सगळं पाणी गंजात जमा झालं, थोडं थंड झालं, आणि परातीतल्या कणकेवर गेलं. मी काय करणार? माझ्या हातात पाणी थांबत नाही, आणि खाली काय ठेवलं आहे ते मला कोणी विचारत नाही.

त्या दिवशी पोळ्या हिरवट झाल्या. अगदी हिरव्या नव्हेत, पण पांढऱ्या तर मुळीच नव्हेत. अरविंदनं पोळीकडे पाहिलं. स्मितानं पोळीकडे पाहिलं. मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि जेवले. मनकर्णाबाई म्हणाल्या, “अजून एक घे, अंगात रक्त नाई राहिलं तुह्या.” त्यानं घेतली.

मग रविवारचा पालक बुधवारीही होऊ लागला. स्मिता बाजारातून पालक आणेना, तर मनकर्णाबाईंनी मागच्या वाडीत वाफा केला. स्मितानं मला धान्याच्या कोठीमागे ठेवलं. त्यांनी मला शोधून काढलं, पुसलं आणि परत खुंटीवर लावलं. स्मिता संध्याकाळी कणीक आधीच मळून ठेवू लागली. त्या सकाळची मळू लागल्या. अरविंद भूक नाही म्हणून उठायचा आणि अर्धी पोळी खिशात घालून बाहेर गाईला द्यायचा. मुलगा जेवत नाही हे पाहून मनकर्णाबाई आणखी पाणी घालत. असं दीड वर्ष चाललं. घरात भांडण झालं नाही. तिघंही फार नीट वागत होते.

स्मिता एकदा माझ्यात तांदूळ धूत असताना नळ चालूच राहिला. तांदूळ केव्हाच धुऊन झाले होते. ती पाण्याकडे बघत होती. तिला रागही येत नव्हता असं मला वाटतं. येऊन येऊन संपला असावा.

सत्त्याऐंशीच्या दिवाळीनंतर अरविंदला उजवीकडे कळ आली. तिघंही नागपूरला गेले, फोटो काढला. उरलेल्या एका मूत्रपिंडात दोन खडे. तिथे डॉक्टरांशी काय बोलणं झालं ते रात्रीच्या गाडीनं सगळे परत आल्यावर मी खुंटीवरून ऐकलं, म्हणून सांगते. डॉक्टरांनी विचारलं होतं, पथ्य पाळता ना? स्मितानं अख्खी यादी म्हणून दाखवली. मग असं कसं, ते म्हणाले. तिघंही टेबलावरच्या काचेकडे बघत बसले. हे मूत्रपिंड गेलं तर माझ्याकडे उपाय नाही, असं डॉक्टर म्हणाले. घरी येऊन स्मितानं पिठलं केलं. सगळे जेवले. कोणी रडलं नाही.

मित्रांनो, मला तुम्हाला थोडं सांगायचं आहे. माझ्यासारखी रोवळी कोणाकडे असेल तर वापरून झाल्यावर लगेच धुवा आणि उन्हात पालथी ठेवा. ओली राहिली की आतून काळी पडते, आणि वरून दिसत नाही. माणसांचं मला फार कळत नाही. पण घरात कोणी जिवापाड काळजी घेत असेल, तर त्याच्या हाताकडेही बघत जा. आणि ताटात जे दिसतं ते तोंडानं म्हणत जा. आम्ही भांडी बोलत नाही, आम्हाला माफ आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनकर्णाबाईंनी वाडीतून पालक खुडून आणला. दोन जुड्या होतील एवढा. काल डॉक्टरांनी मुलाला भिववलं, त्याला ताकद हवी, असं पुटपुटत त्यांनी तो उकडला. मला घेतलं. खाली गंज ठेवला. पाणी पडायला लागलं.

अरविंद आत आला. कचेरीची वेळ झाली होती, पण कपडे घरचेच होते. दारात स्मिता होती, तीही शाळेत गेली नव्हती. तो आईसमोर जमिनीवरच बसला. पाणी पूर्ण निथळेपर्यंत बसून राहिला. मग त्यानं मला आईच्या हातातून काढून बाजूला ठेवलं आणि गंज आपल्याकडे ओढला.

मनकर्णाबाई म्हणाल्या, “सोड. कणीक मळायची हाय.”

“आई,” तो म्हणाला, “बाबा तुह्यामुळं नाई गेले. तू भाकर दिली असती तरी ते गेलेच असते. पण मी ह्या पाण्यानं जाईन.”