आबांनी फोनचा भाव केला

माझे सासरे अभिमन आबा चाळीस वर्षं बैलबाजारात दलाल होते. कोथिंबिरीची जुडी जरी पहिल्या भावाला घेतली तरी त्यांना जेवण जात नाही. त्यामुळे घरात टेलिफोन घ्यायचं ठरलं तेव्हाच पुढचा तमाशा मला दिसायला लागला.

फोन हवा होता सासूबाईंना. माझी नणंद दिपमाला वरणगावला असते. तिला सातवा महिना, आणि डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलेलं. पिंपळनेरजवळचं आमचं गाव डोंगराच्या आडोशाला, मोबाइलला रेंज मिळते ती फक्त गच्चीवर. आईंचे दोन्ही गुडघे गेलेले. तरी लेकीला धीर द्यायला त्या रोज उठत-बसत सोळा पायऱ्या चढायच्या. मला ते बघवत नव्हतं.

पिंपळनेरहून हेमराज आला. घरोघरी टेलिफोन आणि इंटरनेट जोडून द्यायचं त्याचं काम. ओट्यावर बसून त्याने दर वाचून दाखवले : महिन्याचे चारशे, जोडणीचे पाचशे, फोनच्या डब्याचे नऊशे. आबांनी खांद्यावरचा रुमाल काढून हेमराजच्या हातावर टाकला, खाली हात घातला आणि त्याची तीन बोटं दाबली. बैलबाजारात भाव असाच होतो, रुमालाखाली, बोटांवर. हेमराजला ते कुठून ठाऊक! पोरगा लाजून लाल झाला.

"आबा, काही दुखतंय का?"

"भाव सांगी राहिनू. तीनशे."

"अहो आबा, दर कंपनीचा आहे. माझ्या हातात काही नाही."

आबा उठले, गल्लीच्या टोकाला गेले आणि पाठमोरे उभे राहिले. उठून गेलेल्या गिऱ्हाइकाला मागे बोलावतात, हा बाजाराचा रिवाज. हेमराजने मोटारसायकलला किक मारली आणि दुसऱ्या बाजूने निघून गेला. आबा तिथे अर्धा तास उभे राहिले, मग परत ओट्यावर आले.

आई पदर खोचून जिना चढायला लागल्या. चौथ्या पायरीवर त्यांचा पाय लटपटला. मी धावत जाऊन धरलं म्हणून निभावलं. मग मात्र माझं डोकं फिरलं आणि सुनेने बोलू नये ते मी बोलून गेले.

"आबा, आपण बैल घेतोय का? आई पडल्या असत्या तर कोणाशी भाव करणार होता?"

आबांनी खांद्यावरचा रुमाल काढून त्याची घडी घातली. मग म्हणाले, "मोनाली, त्याना नंबर शे का?"

गच्चीवर जाऊन मीच हेमराजला फोन लावला. दर राहू दे बाजूला, सूट कशाकशात मिळते ते सांग म्हटलं. तर काय, सहा महिन्यांचे पैसे एकदम भरले तर जोडणी फुकट. एका खांबावरून तीन घरांनी घेतलं तर महिन्याला शंभर कमी. आणि घरात जुना तारेचा फोन असेल तर डबा घ्यायची गरजच नाही. आधी का नाही सांगितलंस विचारलं, तर म्हणे तुम्ही विचारलंच नाही!

मग आबांना कोण आवरणार! रुमाल घेऊन शेजारच्या कौतिक नानांच्या ओट्यावर गेले. नाना जुने बाजारकरी. रुमालाखाली पाच मिनिटं बोटाबोटी झाली, नाना खदखदून हसले, तयार झाले आणि वर माळ्यावरचा बटणांचा जुना फोनही काढून दिला. समोरच्या झुंबरबाईंकडे रुमाल चालण्यातला नव्हता. तिथे आबांनी हात जोडून सरळ तोंडाने सांगितलं, आणि त्याही तयार झाल्या.

तिसऱ्या दिवशी वायर आली. आई स्वयंपाकघरात पाटावर पाय पसरून बसल्या आणि दिपमालाशी तासभर बोलल्या, हसल्या काय, रडल्या काय. आबा समोर बसून होते. गच्चीवर ते लेकीशी बोलायला कधीच गेले नव्हते. बायांच्या गप्पा, त्यात माझं काय काम, असं म्हणायचे. आज त्यांनी हात पुढे केला.

"मालेबी दे."

आईंनी फोन दिला.

"जेवनी का वं, बेटा?" एवढंच विचारलं त्यांनी. पलीकडून दिपमाला बोलत राहिली. आबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि आईंनी दोनदा हात पुढे केला तरी ते फोन काही परत देईनात.