मंगळवारची आई

आमच्या समुपदेशन केंद्रात दर ऑगस्टला नवी पोरं येतात. मानसशास्त्राची डॉक्टरेट पदरात पडण्याआधी वर्षभर कुठेतरी प्रत्यक्ष काम करावं लागतं आणि कोणी कुठे जायचं ते संगणक ठरवतो. पत्रिका न बघता लावलेली लग्नंच ती! तशीच एल पासोच्या उन्हातली दालिया आमच्या नॉर्थ डकोटाच्या थंडीत येऊन पडली. पहिल्या बर्फाला तिने मला विचारलं, "व्हर्ना, इथे माणसं स्वखुशीने राहतात?"

"छे गं, गाड्या सुरू होत नाहीत म्हणून राहतात," मी म्हटलं. तेव्हापासून आमचं जमलं.

मी तिची पर्यवेक्षक. ती विद्यार्थ्यांशी बोलणार, त्यांच्या परवानगीने त्याचं चित्रीकरण होणार, दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी ते बघणार आणि बघून झालं की पुसून टाकणार, असा केंद्राचा नियम. मी तोंडाची फटकळ. चुका लगेच दाखवते, कौतुक मात्र हात राखून करते. दालियाने ते कधी मनावर घेतलं नाही.

एमेट ब्रेक्की दर मंगळवारी तिच्याकडे यायचा. उंच, खांदे पाडून चालणारा, शब्द तोलून मापून देणारा मुलगा. बाप तो लहान असतानाच घर सोडून गेलेला. आई मार्लिस शाळेच्या स्वयंपाकघरात राबली आणि तिने एकटीने त्याला वाढवलं. घरात बापाचं नाव निघत नसे. आणि या पठ्ठ्याने बापाला शोधून काढलं होतं. महिन्यातून एकदा फार्गोला जाऊन त्याच्याबरोबर बसून ॲपल पाय खायचा, कॉफी प्यायचा आणि आईला सांगायचा, अभ्यास होता.

"तो वाईट माणूस नाहीये," एमेट म्हणाला होता. "हेच तर वाईट आहे. वाईट असता तर सोपं गेलं असतं."

आईशी खोटं बोलून बोलून त्याची झोप उडाली होती. सांगायचं तर होतं, पण तोंड उघडेना. मग दालियाने आमच्या धंद्यातली जुनी युक्ती काढली. "मी तुझी आई होते. मला सांगून बघ."

पहिल्यांदा फजितीच झाली. त्याने कसंबसं सांगितलं आणि ही मान तिरकी करून म्हणाली, "तुझी घालमेल मी समजू शकते, बाळा."

एमेट खो खो हसला. "माझी आई मेली तरी असं बोलणार नाही!"

"मग काय म्हणेल?"

"म्हणेल, आधी जेव, मग बघू."

"एवढंच?"

"तिचं सगळं त्यातच असतं."

त्या दिवसापासून दालिया दर मंगळवारी त्याची आई व्हायची. "लग्नाआधीच एवढं मोठं पोर पदरात पडलं की गं," मी चिडवायची. ती म्हणायची, "आणि तुम्ही खवट सासू."

शेवटच्या मंगळवारी त्याने न अडखळता सांगितलं. मी ते बुधवारी बघितलं, म्हणून मला शब्दन् शब्द पाठ आहे. "आई, मी बाबांना भेटतो. तुला फसवलं, माझं चुकलं. पण त्यांना भेटलो म्हणून तू कमी झाली नाहीस. मला घर म्हणजे तूच." या वेळी दालियाने मान तिरकी केली नाही. ती म्हणाली, "आधी जेव, मग बघू." दोघंही हसली आणि दोघांनीही डोळे पुसले.

"छान झालं," मी म्हटलं. माझ्या तोंडून हा शब्द ऐकून ती बघतच राहिली. मग आम्ही ते चित्रीकरण पुसून टाकलं.

शुक्रवारी एमेट घरी निघाला. वाऱ्याने बर्फ असा उडत होता की पुढचं काही दिसत नव्हतं. रस्त्यात थांबलेला ट्रक त्याला दिसला नाही. तो घरी पोचलाच नाही.

सोमवारी दालिया माझ्या खोलीत येऊन उभी राहिली. "मला अंत्यविधीला जायचंय."

"जाऊ. पण मागे बसायचं. तो आपल्याकडे येत होता हेसुद्धा बोलायचं नाही. माणूस गेला तरी त्याचं गुपित त्याचंच राहतं."

"ते शेवटचं बोलणं त्याचं कुठे होतं? त्याच्या आईचं होतं ते! तिच्यासाठी होतं, मी नुसती मध्ये बसले होते."

"तो स्वतः सांगणार होता. आपल्या हाती निरोप दिला नव्हता त्याने."

"तुम्ही दगड आहात, व्हर्ना."

"असेन. उद्या गाडी मी चालवते."

प्रार्थना झाल्यावर सगळे चर्चच्या तळघरात जेवायला उतरले. हॅमची सँडविचेस, बटाटे-खिमा घालून भट्टीत भाजलेलं हॉटडिश, पातळ कॉफी. आणि मार्लिस, स्वतःच्या मुलाच्या अंत्यविधीला कमरेला एप्रन बांधून वाढत होती. बायका म्हणत होत्या, "बस गं जरा." ती कोणाचं ऐकत नव्हती. प्रत्येक टेबलापाशी थांबून तेच विचारत होती. "फोनवर म्हणाला, आई, तुला एक सांगायचंय, घरी येऊन सांगतो. तुम्हाला काही बोलला होता का?"

त्याच्या खोलीतल्या सोबत्याने मान हलवली. कोणीतरी म्हणालं, एखादी मुलगी आवडली असेल. मार्लिस पुढच्या टेबलाकडे गेली.

मग ती आमच्यापाशी आली. मी टेबलाखाली दालियाचा हात धरला.

"तुम्ही एमेटला ओळखत होता?"

"मी विद्यापीठात काम करते," दालिया म्हणाली. "फार चांगला मुलगा होता."

"तुला काही बोलला का गं? काय सांगायचं होतं ते नाही कळलं तरी चालेल." मार्लिसचा आवाज खाली आला. "माझ्यावर रागावला होता का, तेवढंच सांग."

दालियाचं तोंड उघडलं. मी तिचा हात दाबला, जीव खाऊन दाबला. आणि खरं सांगते, त्या क्षणी मलाच वाटत होतं की हिने माझा हात झिडकारून बोलून टाकावं.

"मला नाही सांगता येणार," दालिया म्हणाली.

"कोणालाच नाही येत," मार्लिस म्हणाली. निघता निघता तिचं लक्ष दालियाच्या रिकाम्या ताटलीकडे गेलं. "अगं पोरी, तू काहीच घेतलं नाहीस! एवढ्या लांबून आलीस. आधी जेव, मग बघू."

तिने हॉटडिशचा मोठा चमचा वाढला, त्यावर आणखी एक वाढला. दालियाने सगळं खाल्लं. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती खात होती. मार्लिस तिच्या खांद्यावर हात ठेवून, ताटली रिकामी होईपर्यंत उभी राहिली.

परत येताना गाव मागे पडल्याबरोबर मला गाडी कडेला घ्यावी लागली. समोरचा रस्ता दिसेना, आणि त्या दिवशी बर्फ पडत नव्हता.

"तो रागावला नव्हता, व्हर्ना," दालिया म्हणाली.

"माहीत आहे गं मला."

आम्हा दोघींना माहीत होतं. जिला ते कळायला हवं होतं, ती तळघरात भांडी घासत होती.