हरकत आहे / नाही

हेडक्लार्कने ओल्या स्पंजावर बोट टेकवलं, पुढचा फॉर्म उचलला, 'नाही'भोवतीचं वर्तुळ पाहिलं आणि फॉर्म डावीकडच्या ढिगावर ठेवला. त्याच्या पुढचाही डावीकडेच गेला. सकाळपासून डावा ढीग दोनदा सुतळीने बांधून टेबलाखाली सरकवावा लागला होता. उजवीकडे 'आहे'वाले इतके थोडे होते, की पंख्याच्या वाऱ्याने उडू नयेत म्हणून ठेवलेल्या पंचिंग मशीनखाली ते धड दिसतही नव्हते.

"अर्ध्याच्या वर गेलो का हो?" पलीकडून टायपिस्टबाईंनी विचारलं.

"अर्ध्याच्या? अहो बाई, नव्वद टक्क्यांच्या वर चाललोय."

"लोकांना झालंय तरी काय?"

तेच त्यालाही उमगत नव्हतं. सव्वीस वर्षं तो घरपट्टीच्या खिडकीशी बसत आला होता आणि एवढ्या वर्षांत खिडकीपलीकडे हसरा चेहरा म्हणून त्याने पाहिला नव्हता. पैसे लोक तोंड वाकडं करून द्यायचे, पावती हिसकावून घ्यायचे, आणि जाता जाता सरकारच्या नावाने जे काय बोलायचं ते त्याच्याकडे बघून बोलायचे. माणसं आपण होऊन काही देतील ही आशा त्याने केव्हाच गुंडाळून ठेवली होती. आणि आज तीच माणसं, एकामागून एक, सहीनिशी लिहून देत होती की वाढवा कर, आमची काही हरकत नाही. हेडक्लार्क गहिवरून वगैरे जाणाऱ्यातला नव्हता. तरी मघाशी तो चष्मा जरा जास्तच वेळ पुसत बसला, तेव्हा बाईंनी मुद्दाम खिडकीबाहेर पाहिलं होतं.

गोष्ट त्याच्या घरातली होती, म्हणून. पालिकेची घरपोच शुश्रूषा योजना होती. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरी रोज दोन तास एक सेविका जायची. अंग पुसायची, चादर बदलायची, पाठीच्या जखमांना मलम लावायची. त्याच्या घरी ती आक्कासाठी यायची. आक्का त्याची थोरली बहीण. आई गेली तेव्हा तो पाच वर्षांचा होता. त्याला भरवलं, शाळेत पोचवलं, नोकरीला लावलं ते आक्काने, आणि या सगळ्यात स्वतःचं लग्न करायचं राहूनच गेलं. नऊ वर्षांपूर्वी तिला अर्धांगवायू झाला. वाचा गेली, डावी बाजू गेली. कान तेवढे शाबूत राहिले.

आता योजनेचे पैसे संपले होते. चालू ठेवायची तर घरपट्टी वाढवावी लागणार होती, आणि वाढवायची तर आधी लोकांना विचारा, असं सभेत ठरलं. निम्म्याहून जास्त घरं राजी असली तर योजना राहील, नाहीतर पुढच्या महिन्यापासून बंद. मसुदा अर्थातच हेडक्लार्कने केला. अख्ख्या कार्यालयात त्याच्यासारखं चोख कुणी लिहीत नसे. एकच वाक्य, पण त्यावर तो दोन दिवस बसला होता: 'सदर योजनेसाठी घरपट्टीत वाढ करण्यास आपली हरकत आहे / नाही. लागू असेल त्याभोवती वर्तुळ करावे.'

दुपारच्या सुट्टीनंतर शेवटचा गठ्ठा बांधून होतोय तोच खिडकीच्या काचेवर कुणी तरी नाण्याने टकटक केली. कोपऱ्यावरचा कुलूपवाला होता.

"काय हो, कर वाढणार म्हणतात?"

"लोकांची संमती आली, म्हणून वाढणार."

"कुणाची संमती? आमच्या अख्ख्या गल्लीने 'नाही' केलंय. मी स्वतः बघितलंय."

"बरोबर आहे. 'नाही' म्हणजे हरकत नाही."

कुलूपवाल्याने त्याच्याकडे असं पाहिलं, की याचं डोकं ठिकाणावर आहे ना.

"अहो, 'नाही' म्हणजे नाही! कर वाढवायचा का? नाही. आता याहून सरळ कसं सांगायचं?"

हेडक्लार्कने टेबलाखालच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. तोंडाने मात्र तो म्हणाला, "दोन तास सेविका येते हो. खिळलेल्या माणसांचं होतं त्यात."

"होत असेल. माझ्या घरी कुणी खिळलेलं नाही. मी का भरू?"

"उद्या कुणी खिळलं तर?"

"तेव्हाचं तेव्हा बघू," कुलूपवाला म्हणाला. तो रागावलेलाही नव्हता. मुलाला शाळेतून आणायचं होतं म्हणून तो घाईघाईने निघून गेला.

हेडक्लार्कने टेबलाखालचा गठ्ठा वर घेतला आणि सुतळी सोडली. सकाळी ज्यांच्याकडे लक्ष दिलं नव्हतं ती अक्षरं आता डोळ्यांत खुपायला लागली. वर्तुळाशेजारी कुणी लिहिलं होतं, 'नाही परवडत.' कुणी 'नाही' तीनदा गिरवलं होतं, इतकं की कागद फाटला होता. एकाने लिहिलं होतं, 'आधी रस्ते करा.' शेजारच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी सुरेख अक्षरात लिहिलं होतं, 'मुळीच नाही.' त्या आठशे नव्याण्णव फॉर्मांतले खरोखर राजी किती आणि नाराज किती, हे आता कुणाच्या बापालाही सांगता आलं नसतं. 'हरकत' हा शब्द लोक घरात, दुकानात, बोलता बोलता दिवसातून दहादा वापरतात. पण फॉर्म हातात आला की फॉर्म कोण वाचतो? लोकांनी 'कर' आणि 'वाढ' एवढंच वाचलं आणि 'नाही' म्हणून मोकळे झाले. सकाळी आपण यांच्यासाठी चष्मा पुसत होतो, हे आठवून त्याला स्वतःचीच शरम वाटली.

तो साहेबांच्या खोलीत गेला.

"साहेब, लोकांना प्रश्नच कळलेला नाही."

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "खाली सह्या आहेत ना?"

"आहेत."

"मग कळला."

"परत एकदा विचारलं तर? साध्या शब्दांत?"

"साध्या शब्दांत काय उत्तर येईल ते तुम्हाला माहीत आहे आणि मलाही. तुमच्याकडेपण येते ना ती सेविका? मग कशाला उगाच?" साहेबांनी निकालाचा कागद त्याच्यापुढे सरकवला. "करा सही."

त्याने सही केली. आक्काची पाठ डोळ्यांसमोर आणली की सही सोपी होती.

जागेवर आल्यावर त्याने पंचिंग मशीन उचललं. 'आहे'वाले एक्केचाळीस होते. हे निदान खरे असतील, त्याला वाटलं. ज्यांनी 'योजना हवी आहे' या अर्थाने 'आहे' केलं असेल, ते हेच. एवढ्या वस्तीत एक्केचाळीस म्हणजे काहीच नाही. पण जे काय आहेत ते आपले, असं म्हणत तो एकेक सही वाचू लागला. औषधाच्या दुकानाची मालकीण होती. एक निवृत्त पोस्टमन होता. तेविसावा फॉर्म त्याच्याच घराचा होता. घर बायकोच्या नावावर, म्हणून सही तिची. 'आहे'भोवती नेमकं, पूर्ण जुळलेलं वर्तुळ होतं.

त्याला तिची मायाच आली. बिचारीने घाईघाईत उलटं केलं, पण मनातलं केलं. दिवसभरात हा एकच कागद त्याला हातात धरवला.

घरी पोचला तेव्हा सेविका नुकतीच गेली होती. बाहेरच्या खोलीत आक्का भिंतीकडे तोंड करून पडली होती. बायको स्वयंपाकघरात जमिनीवर बसून वाळलेल्या चादरींच्या घड्या घालत होती.

"तुझा फॉर्म दिसला आज," तो चपला काढता काढता म्हणाला.

तिचा हात क्षणभर थांबला.

"अगं, 'आहे'ला वर्तुळ केलंस तू. त्याचा अर्थ उलटा होतो. हरकत आहे, असं झालं ते." तो हसला. "तुझी चूक नाही. वाक्यच माझं तसलं. सगळी वस्ती फसली, तशी तूही फसलीस."

"मी नाही फसले."

"म्हणजे?"

"दोनदा वाचलं मी. मला हरकत आहे. म्हणून 'आहे'ला केलं."

त्याने दार लोटून घेतलं आणि तिच्यासमोर खाली बसला.

"अगं, पण योजना बंद पडली असती. आक्काचं काय झालं असतं?"

"पालिकेच्या शुश्रूषा केंद्रात खाट मिळाली असती. घरी सेवा चालू असली की खाट देत नाहीत, नियम तुमच्याच कार्यालयाचा आहे."

"हे तू कधी बोलली नाहीस."

"बोलले होते. पहिल्याच वर्षी. तुम्ही म्हणालात, मी आहे तोवर आक्का या घरातून जाणार नाही. मग काय बोलणार?"

"हळू बोल, तिला ऐकू जातं."

"हळूच बोलतेय. नऊ वर्षं हळूच बोलतेय मी." तिने चादरीची टोकं जुळवली. "पैशांचं काही नाही हो. तिप्पट कर लावा, देईन मी. पण ते दोन तास नकोत मला. ते दोन तास आहेत म्हणून उरलेले बावीस तुम्हाला दिसतच नाहीत."

आक्का वाईट नाही, असं त्याला म्हणावंसं वाटलं. पण ती वाईट आहे असं कुणी म्हटलंच नव्हतं.

"मग काय ठरलं शेवटी?" तिने विचारलं.

"चालू राहणार."

"तुम्ही सही केलीत?"

"केली."

"किती दिवसांसाठी?"

"पाच वर्षं."

तिने मान हलवली. कार्यालयातल्या एखाद्या बातमीवर हलवावी तशी. घडी केलेली चादर तिने गठ्ठ्यावर ठेवली आणि पुढची उचलली.

बाहेरच्या खोलीतून लोखंडी पलंगाच्या दांड्यावर चमचा वाजला. कूस बदलायची झाली की आक्का उजव्या हाताने तसा वाजवायची. बायको गुडघ्यावर हात टेकून उठली. तोही घाईघाईने उठला.

"थांब, मी येतो. एका बाजूने मी धरतो."

"नको," ती म्हणाली. "तुम्ही धरलं की तिला दुखतं."